उंचीची भीती

कागद लिहून तयारच होता. फक्त खाली सही राहिली होती.

हौसराव कारकुनानं तो टेबलावरून बन्सीपुढं सरकवला आणि वर टोपण काढलेलं पेन ठेवलं. बन्सीचा बाप म्हाळू दाराशी उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून बन्सीनं कागद मोठ्यानं वाचला. ‘मला उंचीची भीती वाटते. तरी मला क्रेनवर न घेता डोझरवर घ्यावे.’

बाकावरचे बाकीचे उमेदवार एकमेकांकडं बघायला लागले.

भीमेवरच्या पुलाचं काम घेतलेल्या कंपनीला दोन शिकाऊ माणसं हवी होती. एक उंच क्रेनवर, एक डोझरवर. परीक्षेत पहिला येईल त्यानं आधी निवडायचं, दुसऱ्यानं उरेल ते घ्यायचं, असं नोटीस बोर्डावर लावलेलं होतं. पहिला आला होता कवठे येमाईच्या बौद्धवाड्यातला बन्सी. दुसरा आला होता त्याच गावच्या पोपटरावांचा भाचा. पोपटराव मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. दौंडच्या या ऑफिसात आज ते हौसरावांच्या शेजारची खुर्ची ओढून चहा पीत बसले होते.

हौसराव समजुतीच्या सुरात बोलत होते. डोझर काही वाईट नाही. शिकायला तेवढंच वर्ष, पुढं काम तेवढंच पक्कं. उलट जमिनीवरचं काम, पडायची धास्ती नाही. क्रेनवर काय, दिवसभर एकट्यानं वर टांगून बसायचं. पोपटरावांना एवढं घोळवत बसायला वेळ नव्हता. त्यांनी बशी खाली ठेवली आणि पोटातलं ओठावर आणलं. आपला भाचा खाली धुरळा खात माती लोटणार आणि म्हाळूचं पोरगं त्याच्या डोक्यावर बसणार, हे गावात बरं दिसायचं नाही.

म्हाळूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोपटरावांच्या मळ्यातली विहीर त्यानं खणली होती. सुरुंग ठासायला खाली म्हाळूच उतरायचा. पाणी लागलं त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, आणि म्हाळूला काठापासून दहा हात लांब उभं राहायला सांगितलं. तेव्हा तो काही बोलला नव्हता. आज हातातोंडाशी आलेली पोराची जागा जाईल या भीतीनं त्यानं बन्सीकडं बघून मान हलवली. कर सही. मान हलली आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

बन्सीनं पेन उचललं. पोपटरावांनी कप पुन्हा तोंडाला लावला.

बन्सीनं कागदावरच्या दोन्ही ओळींवर सरळ रेघा ओढल्या. खाली लिहिलं, ‘मला क्रेन पाहिजे.’ आणि सही केली.

कागद नासवला म्हणून हौसराव त्याच्यावर ओरडले. बन्सीनं आवाज चढवला नाही.

“वरचं मी लिहिलेलं न्हाई. मी लिहिलंय ते खाली हाय.”

आरडाओरडा ऐकून आतल्या खोलीतून इंजिनिअर बाहेर आला. तो बिहारकडचा होता, कवठ्यात कोण कुणाच्या वर आणि कोण खाली हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कागद घेतला, खोडलेलंही वाचलं आणि बन्सीकडं रोखून बघितलं.

“ऊंचाई से डर लगता है?”

“नहीं, साब.”

मग सोमवारी क्रेनवर ये, एवढं सांगून तो वळला. पोपटराव उठून काही सांगायला लागले, तर त्यानं नोटीस बोर्डाकडं बोट केलं आणि आत निघून गेला.

परतीच्या एसटीत म्हाळू ताठ बसला होता. शेजारी कोणीही बसो, त्याला तो सांगत होता की आपला मुलगा क्रेन चालवणार हाय, आख्खा पूल त्याच्या हातानं उभा राहणार हाय. बन्सी खिडकीबाहेर बघत होता. दमला असेल, असं म्हाळूला वाटलं.

सोमवारी म्हाळू मजुरी बुडवून पुन्हा त्याच्याबरोबर आला. पोराला वर चढताना त्याला डोळे भरून बघायचं होतं. नदीकाठी क्रेन उभी होती. तिची लोखंडी शिडी सरळ वर गेली होती, बघणाऱ्याची मान दुखावी इतकी. बन्सीनं शिडीला हात लावला आणि तसाच थांबला. सकाळच्या गारव्यातही त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हाळूनं जवळ जाऊन काय झालं म्हणून विचारलं.

त्या कागदावरचं खरंच होतं, असं बन्सीनं खालच्या आवाजात सांगितलं. लहानपणी तो चिंचेवरून पडला होता, हे म्हाळूला आठवत होतं. पण त्यानंतर तो कधी घराच्या पत्र्यावरसुद्धा चढला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. परवा ऑफिसला यायला घरून निघताना बन्सीनं डोझरच मागायचं ठरवलं होतं.

म्हाळूनं पोराचं मनगट घट्ट धरलं. अजून वेळ गेलेली नाही, साहेबाला जाऊन खरं सांगू, साहेब भला माणूस आहे, असं तो एका दमात बोलून गेला.

बन्सीनं मनगट सोडवून घेतलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“त्यांनी मला नुसतं इचारलं असतं, आबा,” तो म्हणाला, “तर मीच डोझर मागितला असता.”