आधी आई दाखवा

सांगून कुणाला पटायचं नाही, पण या पिल्लांची आई, माझी कुत्री हेदर, तिकडे चेव्हियटच्या डोंगरावर आहे. मी बंदुकीने पाडलेला एक तितर धुक्यात हरवला. तो तोंडात धरून आणल्याशिवाय ती घरी यायची नाही. जातच तशी!

इझबेल डोंगरावर नव्यानेच शिकारराखीण म्हणून, म्हणजे शिकारीचे पक्षी राखायला, लागलेली. पाडलेले पक्षी आणून देणारा आपला पहिलाच कुत्रा निवडायला आली होती. "काका, आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नकोस, असं सगळे बजावतात."

"येईल गं. परवा कोल्ह्याला वाट विचारताना दिसली होती." मला जांभई आवरेना. "तू हाक मार. जे धावत येईल ते तुझं. सगळीच न्यायची असतील तर ने बाई, मला आता झेपत नाहीत."

तिने शीळ घातली. एकही पिल्लू तिच्याकडे वळलं नाही. सगळी माझ्या मांडीवर चढली आणि स्वेटरची बाही चोखत बसली.

इझबेलने शेगडीवर कोमट होत असलेली दुधाची बाटली पाहिली.

"थापा पुरे, काका. हेदर गेली," ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली. "पण आई बघितली मी. बिचारीची झोप झालेली दिसत नाही."