न शिजणारा भात

शैलजा ग्रान पॅराडिसोच्या शिखरावरून उतरली नाही, हे मंगळवारी सकाळी इटलीहून फोन आला तेव्हा कळलं. आठवडाभर शोधूनही ती सापडली नाही.

दहाव्या दिवशी समुद्रसपाटीजवळच्या एडिसन शहरातल्या आमच्या घरात मी पिंडासाठी भात लावला. तासभर पाणी खळखळत होतं, तरी तांदूळ कच्चाच राहिला.

खालच्या मजल्यावरच्या सुमित्राकाकू वर आल्या.

"यतीन, बायकोनं साधा भातही शिकवला नाही का रे तुला?"

त्यांनी पुन्हा भात लावला, तोही शिजेना. थोड्या वेळानं त्यांनी ओट्याचा आधार घेतला.

"धाप लागतेय रे. कानात दडे बसलेत."

माझेही बसले होते. फळीवरची चिवड्याची बंद पाकिटं टम्म फुगली होती. उंच डोंगरावर असं होतं, भातही शिजत नाही, शैलजा सांगायची.

काकूंनी आमचाच तांदूळ खाली नेला. पंधरा मिनिटांत त्या हसतच डबा घेऊन आल्या.

"बघ, कसा मऊ शिजलाय! अजून वाफ येतेय."

डबा आमच्या ओट्यावर ठेवून त्यांनी झाकण उघडलं. आत कोरडे, कच्चे दाणे होते.

काकू डबा तिथंच टाकून निघून गेल्या.

शैलजाचा पिंड अजून दिलेला नाही.