टेहळणी

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज आल्यापासून बाबा तीन दिवस घराबाहेर पडले नव्हते. नागपूरहून मुलीकडे, बंगळुरूच्या सर्जापूर रोडला येऊन त्यांना जेमतेम पंधरवडा झाला होता. मेसेजमध्ये एवढंच होतं, की आपल्या बिल्डिंगमध्ये एक अनोळखी माणूस मजल्यामजल्यावर फिरून घरांची टेहळणी करतोय, सावध राहा.

“देवश्री, गेटवर तीन-तीन गार्ड असताना तो आत येतोच कसा?” दाराची कडी पुन्हा एकदा तपासत बाबांनी विचारलं. “आणि काही न चोरता नुसता बघून का जातो?”

देवश्रीलाही तेच कोडं पडलं होतं. तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला, कुणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्यातला. फोटोत तिनंच आणलेला निळा स्वेटर होता, आणि स्वेटरात बाबा.

“बाबा, तुम्ही सकाळी फिरायला कुठे जायचात?”

“जिन्यानं उतरायचो, दारांवरच्या पाट्या वाचत. आपल्याकडचं कुणी असलं तर दोन शब्द बोलावेत म्हणून. नवव्या मजल्यावर एक वानखेडे सापडले बघ! पण बेल वाजवायचा धीर नाही झाला, तसाच परत आलो.” मग एकदम आठवून ते म्हणाले, “त्यांना मिळाला असेल ना गं हा मेसेज? नसेल तर तू कळव. आपल्या माणसाला सावध केलेलं बरं.”

देवश्रीनं फोटो टाकणाऱ्याचं नाव पाहिलं. पुष्कर वानखेडे, नववा मजला.