घरच्यांना कसला फॉर्म!

"अंकलजी, सीधा जवाब दीजिए. ये दोनों आपके होम-स्टे में रुकी थीं कि नहीं?"

परदेशी लोकांच्या नोंदी पाहणाऱ्या पोलीस मॅडमनी पेन उचललं आणि सुहासराव काटे टोचल्यासारखे खुर्चीत सरकले. शेजारच्या खुर्चीत अंबिका. मॉरिशसची मराठी मुलगी. वडिलांचं श्राद्ध क्षिप्रेवर करायचं म्हणून आईला घेऊन उज्जैनला आलेली. रामघाटावर श्राद्ध नीट पार पडलं, आणि चार दिवसांनी आईला लकव्याचा झटका आला. आता म्हातारी दवाखान्यात, आणि दोघींचा व्हिसा संपायला चारच दिवस. मुदत वाढवून हवी, तर इथल्या मुक्कामाचा पुरावा हवा. अंबिकाने अर्जात सुहासरावांच्या फ्रीगंजातल्या घराचा पत्ता लिहिला होता. खराच होता तो. आल्या दिवसापासून मुक्काम तिथेच होता.

पण परदेशी पाहुणा उतरला की घरमालकाने चोवीस तासांत फॉर्म भरून पोलिसांना कळवायचं असतं. सुहासरावांनी कळवलं नव्हतं. नियम ठाऊक नव्हता म्हणावं, तर तेही नाही. मागच्याच वर्षी दोन जर्मन आले होते, तर यांनी त्यांचा चहा निवायच्या आत फॉर्म भरून टाकला होता.

यांचं घोडं अडलं ते मायेपायी. पहिल्या दिवशी अंबिकाने टेबलावर दोन पासपोर्ट ठेवले आणि शाळेत शिकलेल्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "आमचे खापरपणजोबा रत्नागिरीचे होते." झालं! सुहासरावांच्या पत्नी कुसुमताई विरघळल्या. सातासमुद्रापलीकडून माहेरवाशीण आली म्हणून ओटी काय भरली, भाड्याचं नाव काढशील तर बघ म्हणून शपथ काय घातली! आणि सुहासरावांनी स्वतःच्या हाताने ते पासपोर्ट तिच्या पर्समध्ये परत घातले. "ठेव आत. मामाच्या घरी कुणी पासपोर्ट दाखवतं का, पगली? घरच्यांना कसला फॉर्म!"

त्या दिवसापासून ते मामा आणि कुसुमताई मामी.

तर हे मामा आज सकाळीच जावयाकडे जाऊन आले होते. मंदार इथल्याच कोर्टात वकिली करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, कबूल केलंत तर केस तुमच्यावर. होम-स्टेचं रजिस्ट्रेशनही जाईल. सिंहस्थाच्या भरवशावर वरचा मजला चढवलाय, तो काय चाटायचाय? भाडं घेतलं नाहीत, रजिस्टरमध्ये नाव नाही. मग नाहीच म्हणा ना!"

"आणि ती पोर?"

"तिचं ती बघेल. ती आज इथे, उद्या तिकडे. तुम्हाला इथेच राहायचंय."

"अंकलजी?" मॅडमनी पेन टेबलावर आपटलं.

"नहीं मैडम," सुहासराव म्हणाले. आवाज अगदी सरळ निघाला, याचंच त्यांना नवल वाटलं. "हमारे यहाँ नहीं रुकीं. एक-दो बार खाने पे आई थीं. मराठी हैं ना, तो मिसेस ने बुला लिया था."

मॅडम अंबिकाकडे वळल्या. "तो गलत पता क्यों लिखा? झूठी जानकारी दी है आपने. एक्सटेंशन तो छोड़िए, उल्टा केस बन सकता है."

हे मंदारने सांगितलं नव्हतं.

अंबिकाच्या हातात फोन होता, आणि त्यात काय काय आहे ते सुहासरावांना चांगलं माहीत होतं. कुसुमताई तिच्या आईची वेणी घालताहेत. हे स्वतः गच्चीवर दोघींच्या पोह्यांवर मूठमूठ शेव घालताहेत. एक फोटो पुढे केला की खेळ खलास. दाखव, त्यांना वाटलं, दाखव बाई, म्हणजे सुटलो एकदाचा. आणि त्याच श्वासात दुसरं मन म्हणालं, नको गं, नको.

अंबिकाने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग तिने फोन मांडीवर उलटा ठेवला.

"मेरी गलती है, मैडम. हम... धर्मशाला में थे. नाम याद नहीं. इनका पता मालूम था, वही लिख दिया."

मॅडमनी अर्जावर आडवी रेघ मारली. "धर्मशाला का नाम याद करके आइए, और उनका फॉर्म लेके. अंकलजी, आप जा सकते हैं."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. सुहासराव स्कूटरपाशी थांबले. वरचा मजला, मंदार, कुसुमचं ब्लडप्रेशर, सगळी कारणं तोंडाशी आली आणि एकेक करून लाजून मागे फिरली.

"अंबिका, अगं, मी म्हणजे..."

"मला समजले, मामा."

मामा म्हणाली! एक थोबाडीत दिली असतीस तर परवडलं असतं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

तिने पर्समध्ये हात घालून घराची किल्ली काढली. वेळी-अवेळी दवाखान्यातून यावं लागतं म्हणून कुसुमताईंनीच ती तिला दिली होती.

"ही माझ्याजवळ सापडायला नको. बॅगा मी संध्याकाळी नेते. मामींना सांगा, दवाखान्यातच माझी झोपायची सोय झाली. खरे सांगू नका हं. त्या जेवणार नाहीत."

सुहासरावांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. त्यांनी किल्ली घेतली आणि खिशात घातली.