कमी ताणाच्या तारा

डबल बास हे माझ्याहून उंच वाद्य. त्याच्या दोरखंडासारख्या तारा दाबून दाबून बत्तीस वर्षांनी माझी करंगळी संपावर गेली. सोमवारी वाद्यवृंदाचे संचालक माझी परीक्षा घेणार होते. तिथे ती अडली असती, तर माझी खुर्ची गेली असती, आणि तीही त्याच वाद्यवृंदात बास वाजवणाऱ्या आमच्या जावयाकडे.

"कमी ताणाच्या तारा लावून बघा ना, बाबा," असं त्यानंच सुचवलं. जावई इतका चांगला वागला की मला जरा काळजीच वाटते.

पण तारा खरोखर मऊ निघाल्या. करंगळी नुसती टेकवली की तार खाली जायची.

"वाजवताना तुमचं तोंड पहिल्यांदाच सरळ दिसतंय," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की करंगळी टेकायच्या किंचित आधीच तार खाली जाते. मी तक्रार केली नाही. या वयात कोणी हातभार लावला, तर नको म्हणू नये.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम करंगळी चुकीच्या जागी, थोडी वर ठेवली आणि गज फिरवला. तार दोन बोटं खाली, नेमक्या जागी दबली. सूर अचूक आला.

"आज अगदी सुरात हं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता सोमवारची चिंता मिटली."

मिटली होतीच. केवळ खात्री करावी म्हणून मी करंगळी हळूच त्या दबलेल्या जागेवर सरकवली.

बोटाला तार लागली नाही. तिथे कुणाचं तरी नख होतं.