बोटभर मोकळी जागा

बसा हितं सावलीला. भरती अजून पुरती चढली न्हाय, लाँच काय एवढ्यात येत न्हाय. तवर गिरजाबाईच्या अंगनाची गोष्ट सांगतो. लय जुनी न्हाय, बंदरासाठी जमिनीच्या मोजन्या सुरू झाल्या तेव्हाची.

दुपारची वेळ. गिरजाबाई पडवीत उकिडवी बसलेली. पुढ्यात पांढरा इनामलचा ट्रे, ट्रेत खाडीचं पानी, पान्यात खडकावरची दोन फुलं. ह्या अंगाला थोरला धर्मराज, त्या अंगाला धाकटा कमळाकर. दोघं तिचेच लेक.

मोजनी आली तशी कमळाकरला वाटनी पायजे झाली, धर्मराजला नको. आदल्या दिवशी गावच्या रीतीनं देवीला कौल लावला. देवीच्या दोनी खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर एक चूल, डावं पडलं तर दोन. दिवस मावळला तरी एकबी पडलं न्हाय.

"सरांची फुलं तरी हलतात," कमळाकर म्हनाला. "त्यांनाच इचारू."

हे सर म्हंजे नंदकिशोर सर, मुंबईच्या कॉलेजातले. गिरजाबाईचीच पडवी भाड्यानं घेऊन राहिलेले. खडकावरची फुलं उपटून आनायची, दोन दोन करून ट्रेत ठेवायची आनि बघत बसायचं, हाच त्यांचा अभ्यास. ते सांगायचे, हे फूल नव्हे, जनावर हाय. पोवळ्याच्या नात्यातलं. मधनं फाटतं आनि एकाची दोन होतात, दोनाची चार. एका अंगातनं फाटलेली एकमेकाला कधी डसत न्हाईत. परकं खेटलं की डसतात.

खडकाला चिकटलेली कालवं, म्हंजे शिंपल्या, फोडायला रोज गिरजाबाईच जायची, म्हनून फुलं आनायचं काम तिच्याकडं आलं. थोरल्याच्या नावानं एका खडकावरचं, धाकट्याच्या नावानं दुसऱ्या खडकावरचं. डसली तर वाटनी.

तिनं दोनी एकाच खडकावरची आनली. अगदी शेजारची, मधे बोटभर जागा सोडून बसलेली. एका खडकाची म्हंजे एका अंगाची, डसतील कशाला? हे तिनं पोरांना सांगितलं नव्हतं. तुमाला सांगतो.

फुलं पान्यात उमलली. एकाच्या झिरमिळ्या दुसऱ्याला लागल्या. मागं सरल्या. परत लागल्या. मग डावीकडच्याच्या गळ्याभोवती पांढरे मनी फुगून वर आले. ते कलंडलं, सावकाश दुसऱ्याच्या अंगावर झुकलं आनि मनी टेकवले. उचलले तवा दुसऱ्याच्या अंगावर पांढऱ्या चिंध्या चिकटून राहिल्या होत्या. ते आक्रसत आक्रसत सुक्या वालाएवढं झालं.

"डसलं," कमळाकर म्हनाला.

"डसलं कुठं. शिवलं नुसतं."

"आये, मना डोळे हायेत."

तेवढ्यात सर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बादली. ट्रेत वाकून बघितलं आनि खूश झाले.

"वा! कुठली ही?"

तिला वाटलं, आता खरं सांगावं. कौलच खोटा ठरंल.

"दोनी एकाच खडकावरची हायेत, सर. मीच आनली तशी. ह्यो कौल धरायचा न्हाय."

धर्मराजनं मान वर केली. कमळाकर थोडा हसला.

"एकाच खडकाची? आनि तरी डसली?" त्यानं सरांना इचारलं.

"डसणारच," सर म्हणाले. आपल्या अभ्यासाचं कोनीतरी इचारतंय, ह्याच आनंदात होते बिचारे. "एका खडकावर राहिली म्हणजे एका घरची होत नाहीत. मधे बोटभर मोकळी जागा दिसते ना, ती त्यांची हद्द. अलीकडे एक घराणं, पलीकडे दुसरं. मधल्या जागेत कुणी शिरलं की हे असं होतं. ती जागा आहे म्हणून दोन्ही जिवंत आहेत. पण बाई, हा कौलबिल काही नाही हं. माणसांचा याच्याशी काय संबंध?"

शेवटचं कोनी ऐकलं न्हाय.

धर्मराज ट्रेवर वाकला. त्या सुक्या वालाकडं बघत राहिला.

"आये, यातलं माजं कंचं?"

गिरजाबाईनं ट्रे आपल्याकडं ओढला. तिनं आनताना ह्याचं कुठलं, त्याचं कुठलं, असं धरलंच नव्हतं.

"सांग ना. माजं कंचं?"

धर्मराज उठला. वाटनी नको म्हननारा तोच. भिंतीला टेकवलेली कालवं फोडायची कोयती त्यानं उचलली, तशी ती मधे यायला उठली. पन तो अंगनात गेला. दारापासनं कुंपनापर्यंत, सारवलेल्या जमिनीत, कोयतीच्या टोकानं त्यानं रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी. मधे वीतभर जागा सोडली. कमळाकर बघत होता. त्यानं रेघ पुसली न्हाय, फक्त आपल्या अंगाला सरकला.

अंगनातली तुळस त्या मधल्या पट्ट्यात आली.

दिवेलागनीला गिरजाबाई सवयीनं तुळशीचा दिवा घेऊन निघाली. पाय रेघेवर पडनार, तवर दोघंबी दोनी बाजूंनी एकदमच बोलले.

"आये. तितं नको."

इतक्या दिसांत पयल्यांदा दोघांचं एकमत झालं. दिवा घेऊन ती तशीच मागं फिरली.

आता घराला दोन दारं हायेत. तुळशीची काटकी झालीय, ती उपटायला कोनी हात लावत न्हाय. पट्ट्यावर गवत माजलंय, तेबी कोनी कापत न्हाय. दोनी दारं दिवसभर उघडी असतात आनि दोनी दारांत कोनीतरी बसलेलं असतं. मांडीवर कोयती.

झाला बघा लाँचचा भोंगा. धक्क्याची सरळ वाट त्याच अंगनातनं जाते. कितीबी घाई असली तरी माजं येवढं ऐका, मागनं वळसा घालून जा.