डाव्या बाजूचा मग

“पुरा वाढलाय,” दुर्बिणीतून डोळा न काढता वेंडल म्हणाला. “आठ वर्षांचा. मारा, बाई.”

मार्लीसनं श्वास रोखला आणि बार काढला. खालच्या कपारीत पांढरा रानमेंढा गुडघ्यांवर आला, आडवा झाला आणि दगडगोट्यांवरून थोडा घसरून थांबला. मार्लीस रडायलाच लागली. “झालं हो, वेंडल! एकदाचं झालं!” साठी उलटलेली बाई. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून ती वर आली होती. आयुष्यात एकदा रानमेंढा मारायचा एवढीच हौस होती तिला, आणि पुढच्या वर्षी हे गुडघे अलास्काचा डोंगर चढणार नव्हते.

वेंडलही हसला. पण लगेच त्यानं दुर्बीण पुन्हा मेंढ्याच्या शिंगांवर रोखली. शिंग बाजूनं पाहिलं तर पुरं वर्तुळ व्हायला हवं, नाहीतर मेंढा आठ वर्षांचा तरी हवा. नाहीतर तो गुन्हा. परगावच्या शिकाऱ्यानं सोबत वाटाड्या घ्यायचा तो त्यासाठीच. बंदूक शिकाऱ्याची, पण ‘मारा’ हा शब्द वाटाड्याचा. वेंडलच्या शब्दावर तर सगळं खोरं डोळे मिटून विश्वास ठेवायचं. आणि त्याच वेंडलच्या उजव्या डोळ्यात दोन वर्षं धुकं साचलं होतं. तो डाव्या डोळ्यावर भागवत होता, पण ताणून ताणून त्यालाही पाणी यायचं. हे त्यानं कुणालाही कळू दिलं नव्हतं. नजर अधू झालेल्या वाटाड्याला तळावर बटाटे सोलायला बसवतात. अशा एकाला त्यानंच चारचौघांत विचारलं होतं, “काय रे, बटाटा पुरा वाढलाय ना? बघ हं नीट!” सगळे पोट धरून हसले होते.

दोघं खाली उतरायला लागले. लांबून मोठा दिसणारा मेंढा जवळ जाताना थोडा लहान होतोच, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा लहान होतच राहिला.

वेंडल खाली बसला. दर हिवाळ्याला शिंगावर एक वळं पडतं. त्यानं अंगठा फिरवत मोजलं. सात. पुन्हा मोजलं. सातच. दुर्बिणीतून दिसलेलं आठवं वळं म्हणजे नुसता एक ओरखडा होता, त्यात माती भरलेली. शिंगाचं टोकही चांगलं दोन बोटं कमी. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

“सात,” तो कसाबसा म्हणाला. “चुकलं माझं.”

मार्लीसनं बंदूक खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन, मीच घाई केली म्हणून.”

‘छे, भलतंच काय!’ हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले.

संध्याकाळी तळावर तिनं चहाचा मग रोजच्यासारखा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. पहिल्या दिवशी उजवीकडे ठेवलेला मग त्याच्या धक्क्यानं लवंडला होता आणि त्यानं मगाखालच्या दगडाला शिव्या घातल्या होत्या. तेव्हापासून ती सगळं डावीकडूनच द्यायची. किती समजूतदार बाई, असं त्याला वाटलं आणि त्यानं चहा तसाच ठेवून दिला. घरी ती काय करते, हेसुद्धा त्यानं कधी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाचे बूट, बंदूक आणि गुडघे यापलीकडे तो काही विचारायचाच नाही.

मारलेल्या प्रत्येक मेंढ्याची शिंगं गावात दाखवावी लागायची, आणि ती तपासायला कोल्बी होता. शिकारखात्यात लागण्याआधी तो वेंडलच्या मागून ओझी वाहायचा. शिंग वाचायला शिकला तोही वेंडलकडूनच.

“सात,” कोल्बी म्हणाला. “हे जप्त करावं लागेल. मारा कोण म्हणालं?”

“कुणी नाही,” मार्लीस म्हणाली. “हे थांबा थांबा म्हणत होते. मीच घाई केली.”

“तरीच! उस्तादांची नजर आणि चुकेल? शक्यच नाही!” कोल्बीनं सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्याकडे वळला. “काय हो बाई, वाटाड्या कशाला घेता सोबत? शोभेला? एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या तोंडाला काळं फासलंत तुम्ही!”

मार्लीसनं मान खाली घातली. ती पिकल्या केसांची, वाकलेली मान बघून वेंडलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गप बस, कोल्बी,” तो म्हणाला. “मारा मीच म्हणालो. या उजव्या डोळ्यानं मला धड दिसत नाही, आणि आजचं नाही, दोन वर्षं झाली. परवाना काढून घे माझा. या बाई मला वाचवायला खोटं बोलल्या आणि मी निर्लज्जासारखा ऐकत उभा राहिलो. त्यांना एक अक्षर बोलू नकोस.”

कोल्बीनं हातातली शिंगं टेबलावर ठेवली. वेंडल मार्लीससमोर जाऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्यानं कधीच हातात घेतली होती.

“माफ करा, बाई. तुम्हाला बिचारीला काय माहीत, की…”

“माहीत होतं,” मान वर न करता ती म्हणाली. “पहिल्या दिवशी मग लवंडला ना, तेव्हाच कळलं. जन्मभर लोकांचे डोळे तपासले मी, वेंडल. मोतीबिंदू आहे तुम्हाला. साध्या ऑपरेशननं जातो.”

“मग बोलला का नाहीत?”

मार्लीसनं टेबलावरच्या शिंगांवरून हात फिरवला आणि तो झटकन मागे घेतला.

“बोलले असते, तर तुम्ही मला वर नेलं असतंत?”